यादीतलं दहावं गाव

ही गोष्ट माझ्या आईची आहे. ऐकीव नाही. तीस एप्रिल २०२५, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस, दुपारचे बारा, सिद्धेश्वर धरणाचा काठ. तिथं मी स्वतः उभा होतो.

खोटं वाटत असेल तर आत्ताच पान बंद करा. मी पोटासाठी थापा लिहिणारा माणूस आहे. थाप कशी रचतात ते मला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणूनच सांगतो, ही थाप नाही.

माझं नाव विश्वंभर. घरचे इशू म्हणतात. राहणार आखाडा बाळापूर. बारावी नापास. लिहायला कुणी शिकवलं नाही, रद्दीतले पेपर वाचून शिकलो. पुण्याच्या एका प्रवासाच्या वेबसाइटसाठी लेख लिहितो. 'युरोपातली मनात भरणारी छोटी गावं', 'डोंगराच्या कुशीतली पाच खेडी' असले. लेखाखाली नाव असतं 'अनुश्री'. फोटोत एक बाई टोपी घालून हसते. ती कोण, मला माहीत नाही. लिहितो मी, बाळापुरात, खताच्या दुकानावरच्या खोलीत.

युरोप मी पाहिलेला नाही. पासपोर्टसुद्धा नाही. हैदराबादच्या पुढं कधी गेलो नाही.

एका गोष्टीचा मात्र मला कायम राग यायचा. तिकडचं दगडी घर म्हणजे सुंदर. आमचं दगडी घर म्हणजे मागास. तिकडं गावात चाळीस माणसं उरली तर शांतता, आमच्याकडं उरली तर भकासपणा. दगड तोच, पाणी तेच. फक्त बघणारा बदलतो.

सप्टेंबर २०२४. काम आलं... 'युरोपातली दहा आवडती गावं'.

नऊ लिहून झाली. हॉलस्टॅट, गिएथूर्न, कोलमार, बायबरी, सगळी नेहमीची. दहावं सुचेना. संध्याकाळपर्यंत लेख द्यायचा होता.

आई दाराशी बसून शेंगा फोडत होती. मंजुळाबाई, वय सत्तर. तिचं माहेर सिद्धेश्वरच्या पाण्यात गेलंय. ती नऊ वर्षांची असताना गाव उठलं. लोकांनी घरांच्या चौकटी उपसून बैलगाड्यांवर घातल्या आणि निघाले.

मी म्हटलं, "आई, तुझं गाव कसं होतं गं?"

"कसं म्हंजी? गावावानी गाव. घाटाला चौदा पायऱ्या. वर चिंच. देवळाची घंटा वाजली की पान्यावरून आवाज फिरून यायचा."

"आणि?"

"आन् पायरीवर एक पोरगी बसायची. येनाऱ्या-जानाऱ्याला इचारायची, तू कोनाचा रे?"

"कोण पोरगी?"

तिचे हात थांबले.

"व्हती एक," ती म्हणाली. आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.

मी लिहून टाकलं. पूर्णा नदीचं तळं केलं. चिंचेचं अक्रोडाचं झाड केलं. देवळाची घंटा चर्चवर टांगली. चौदा पायऱ्या तशाच ठेवल्या. पायरीवरची पोरगीही ठेवली. गावाला नाव दिलं नाही, देश दिला नाही. म्हणजे कुणी पकडायला नको. शेवटी एक वाक्य ठोकलं, आणि स्वतःवरच खूश झालो.

'हे गाव नकाशावर शोधू नका. रस्ता चुकलात, तरच ते सापडतं.'

लेख जोरात चालला. सगळ्यांना दहावं गावच आवडलं. मला हसू यायचं. माझ्या आईचं बुडालेलं माहेर पुण्या-मुंबईचे लोक बदाम टाकून शेअर करून राहिले होते!

मग सतरा एप्रिलला, सकाळी, फोन आला.

"विश्वंभर ना? मी नचिकेत, पुण्याहून. वेबसाइटवाल्यांकडून नंबर घेतला. ते दहावं गाव... आम्ही जाऊन आलो."

मी काही बोलायच्या आत त्यानं पुढचं विचारलं.

"मला फक्त एवढंच सांगा, ते कुठल्या देशात आहे?"

"तुम्ही जाऊन आलात आणि मला विचारता?"

"आम्ही ऑस्ट्रियातून स्लोव्हेनियाला चाललो होतो. भाड्याची गाडी. भर दुपारी धुकं आलं. रस्ता चुकलो. पुढं तळं दिसलं, आणि पायऱ्या. बायकोनं मोजल्या. चौदा."

मला वाटलं, कुणीतरी माझी फिरकी घेतंय.

"माणसं होती का?"

"नाही. तेच विचित्र होतं. एकाही घराला दार नव्हतं. म्हणजे दाराची चौकटच नव्हती. नुसती भोकं."

चौकटींचं मी लेखात लिहिलं नव्हतं.

"एक मुलगी होती फक्त. तेरा-चौदा वर्षांची. पायरीवर बसलेली. आणि ती मराठी बोलली हो! आधी विचारलं, तू कोणाचा रे? आम्ही हसलो. मग म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मंजी आली का?"

माझ्या आईला मंजी म्हणणारं आज जगात कुणी नाही. ते तिचं माहेरचं नाव. ते मेलेल्यांनाच ठाऊक.

त्यानं फोटो पाठवला. फोटोत पोरगी नव्हती. दगडी पायऱ्या, मागं धुकं. वरून तिसऱ्या पायरीवर ओल्या पावलांचे दोन ठसे. आणि त्यांच्या बाजूला...

एका माणसाला बसता येईल एवढी जागा. कोरडी. झाडून ठेवल्यासारखी.

तो फोटो मी आईला दाखवला. आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, त्यातली ही सगळ्यात मोठी.

तिनं चष्मा लावला. खूप वेळ पाहिलं. मग बोट ठेवलं तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यावर. कोपऱ्याचा टवका उडालेला होता.

"ह्यो म्या फोडला. बिब्बे फोडून गोडंबी काढता काढता. मायनं लई मारलं व्हतं मला."

"आई, हा फोटो युरोपातला आहे."

"असंल." तिनं मोबाइल पालथा ठेवला. "इशू, मला बहीन व्हती. कालिंदी. माझ्याहून चार वर्सांनी मोठी. डावरी. डाव्या हातानं जेवायची म्हून बाप रोज बोलायचा तिला."

पन्नास वर्षांचा झालो मी. हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

"गाव सोडायच्या दिशी आमचं भांडन झालं. गाडीत पुढं कोन बसायचं म्हून. मी तिला म्हनलं, तू पायरीवर बस, मी आलेच. आन् मी गाडीत जाऊन बसले. झोपले. पुढच्या मुक्कामाला सगळ्यांच्या ध्यानात आलं. बाप मागं गेला तवर पानी चढलं व्हतं."

"सापडली नाही?"

"न्हाई. बारावं बी घातलं न्हाई. माय म्हनायची, ती मेली न्हाई, बसल्यालीच हाये."

मग ती अगदी हळू म्हणाली, "ती कुटं बसलीय हे कुनालाच म्हाईत नव्हतं. तू काहून लिहिलंस रे?"

 

आखाजीला आमच्याकडं पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला मातीचा करा ठेवतात. आईनं साठ वर्षांत कालिंदीच्या नावानं कधी करा भरला नव्हता. भरला म्हणजे मेली असं कबूल करणं. या वर्षी म्हणाली, "भरते. पन तिथंच. पायरीवर. एकदा सांगते तिला, बाई, तू मेलीस. ऊठ आता."

मी नको म्हटलं. भांडलो. तिनं ऐकलं नाही. मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन गेलो. करा तिनं पोटाशी धरला होता, लेकरू धरावं तसा.

धरणाचं पाणी खूप उतरलेलं. काठावर जळबा भेटला, मासे धरणारा. झाडाखाली जाळं शिवत होता.

"कुटं निगाले, मावशी? बाराच्या ठोक्याला आमी बी पान्यात जात न्हाई."

"काहून?" मी विचारलं.

"जाळं जड लागतं. वढलं की रिकामं." तो हसला. "तुमचं काय काम तिथं? सासुरवाडी हाये का पान्यात?"

"माहेर हाये, बाबा," आई म्हणाली.

जळबा हसायचा थांबला. पुन्हा वर पाहिलं नाही त्यानं.

चिखल पार करून गेलो. घाट उघडा पडला होता. आठ पायऱ्या वर. बाकीच्या पाण्यात.

आई म्हणाली, "तू हितंच थांब. बाहेरच्यानं यायचं न्हाई." आणि एकटी उतरली. तिसऱ्या पायरीवर बसली. टवका उडालेल्या कोपऱ्याजवळ. करा पुढं ठेवला. काहीतरी बोलायला लागली. पाठ माझ्याकडं होती.

लांब कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती. तिचा आवाज... थांबला.

पाणकावळे थांबले.

वारा थांबला.

मग घंटा वाजली. एकदाच. आवाज पाण्यावरून फिरून आला. आसपास देऊळ नाही. ते तर खाली आहे.

माझ्या खिशात मोबाइल थरथरला. मी पाहिलं. का पाहिलं? हाताची सवय, दुसरं काय! त्या लेखाखाली नवीन प्रतिक्रिया आली होती. नाव नाही, अक्षर नाही. रिकामी.

मान वर केली...

पायरीवर दोघी बसल्या होत्या.

पापणी लवायच्या आत त्यातली एक उठली आणि वर आली. दुसरी मला दिसली नाही. पायरी मोकळी होती. करा आडवा पडला होता, त्यातलं पाणी पायऱ्यांवरून खाली चाललं होतं.

वर आली ती आई होती. लुगडं आईचं. तोंड आईचं. हाताला पाणी लागलेलं. माझ्यासमोर उभी राहिली. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि हसली.

"तू कोनाचा रे?"

मी तिला घरी आणलं. दुसरं काय करणार होतो?

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, वय झालं, विसर पडतो. पडत असेल. पण विसर पडला म्हणून माणूस डाव्या हातानं भाकरी थापतं का?

ती थापते. सरसर. आयुष्यभर उजव्या हातानं थापणारी बाई.

गॅस पेटवायला भिते. बिब्बे आणायला लावते आणि दगडावर फोडत बसते. माझ्या वडिलांच्या हार घातलेल्या फोटोपुढं उभी राहिली. म्हणाली, "ह्यो कोन बुवा?" मला कधी इशू म्हणत नाही. 'ए पोरा' म्हणते.

आणि खूश आहे. हे मला सहन होत नाही. माझी आई इतकी खूश कधीच नव्हती.

तरी मी स्वतःची समजूत घातली होती. म्हातारपण आहे, मनावर घेतलंय तिनं. जूनपर्यंत मी तसं धरून चाललो.

बारा जूनला लेखाखाली प्रतिक्रिया आली. संपदा नावाच्या कुणा बाईची. जशीच्या तशी देतो.

'अप्रतिम गाव! रस्ता चुकलो आणि खरंच सापडलं. पण लेखावरून वाटते तशी मोठी मुलगी नव्हती. नऊ-दहा वर्षांची एक छोटी होती, पायरीवर. सारखी रडत होती. म्हणत होती, इशूला सांगा, मला घरी न्यायला ये. इशू कोण? लेखात उल्लेख हवा होता.'

खाली चार तारे दिले होते. चार! एक कापला होता. पोरगी रडत होती म्हणून असेल.

मी तिला दहा निरोप पाठवले. कुठला देश? कुठला रस्ता? तिचं एकच उत्तर आलं, "अहो, चुकलोच होतो ना. तुम्हीच तर लिहिलंय."

होय. मीच लिहिलंय. गाव मीच रचलं, आणि जायचा रस्ता ठेवला नाही. सिद्धेश्वरच्या त्या पायरीवर मी सात वेळा जाऊन बसलो. काही होत नाही. पावसानं पाणी चढलं, आता पायरीही दिसत नाही.

म्हणून रोज त्या लेखात एक-एक ओळ वाढवतो. तळ्यापासून निघणारी पायवाट. मग डांबरी रस्ता. मग औंढा, कळमनुरी, बाळापूरचा स्टँड, खताचं दुकान, वर जाणारा जिना. आई त्या रस्त्यानं चालत घरी येईल म्हणून. सकाळी उघडून पाहतो, तर ओळ नसते. वेबसाइटवाले म्हणतात, आम्ही हात लावला नाही.

तुमच्यापैकी कुणी युरोपात फिरायला जाणार असेल, आणि धुक्यात चौदा पायऱ्या दिसल्या, तर त्या पोरीजवळ बसू नका. फोटो काढू नका. फक्त सांगा... इशूनं पासपोर्टचा अर्ज केलाय.

हे लिहिताना घरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आत्ता थांबला.

ती माझ्या खुर्चीमागं येऊन उभी आहे.

"काय लिहून राहिला रे पोरा?"

"काही नाही. युरोपातल्या गावांचं."

"लिही की. चांगलं लिहितोस तू." तिनं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. पीठ नाही लागलेलं हाताला. पाणी आहे. सदऱ्यातून आत उतरतंय.

"फकस्त रस्ता नको लिहू."