पानांच्या माळेखालची दोन अक्षरं

कार्सन सिटीत वारा सुटला की माणसं टोप्यांमागे धावतात. एल्डनच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात त्या दुपारी आधी टोपी आली, मग लुएला ट्रेवेना.

"टोपी माझी आहे," ती धापा टाकत म्हणाली.

"वाटलंच. मला फुलं शोभत नाहीत."

ती हसली... आणि जाता जाता थबकली. पर्समधून चांदीचा एक डॉलर काढून तिनं काचेवर ठेवला. तिच्या पणजोबांनी इथल्याच टाकसाळीत स्वतःच्या हातानं पाडलेला म्हणे.

"बाबा अंथरुणावर आहेत. त्यांचा जीव आहे यात. खरा आहे ना — एवढंच सांगा."

एल्डननं नाणं पालथं करून भिंग लावलं. गरुडाखाली पानांची माळ, माळेखाली दोन 'सी' — कार्सन सिटीची खूण. आणि त्या अक्षरांभोवती केसाएवढी रेघ. डिंकाची! नाणं फिलाडेल्फियाच्या टाकसाळीचं होतं. तिथल्या डॉलरवर खूण नसायची. चिकटवणाऱ्याला जागा मोकळी.

"काय दिसतंय?" ती इतकी वाकली, की भिंगात तिची पापणीच आली.

"पापणी. अस्सल आहे."

"आणि नाणं?"

"ते... घरी येऊन बघावं लागेल. इथं उजेड कमी आहे," भर उन्हात उभा राहून तो म्हणाला.

रविवारी तो गेला. म्हाताऱ्या ट्रेवेनांनी लेकीला कॉफी करायला पिटाळलं आणि त्याचं मनगट धरलं.

"डिंक दिसला ना, पोरा? मीच लावलाय. आजोबांचं खरं नाणं मी जुगारात घालवलं. ही सहा वर्षांची होती, रोज बघायला मागायची... तिला सांगू नकोस. मी गेल्यावरही नाही. शब्द दे."

एल्डननं दिला. सासरा होण्याची शक्यता असलेल्या माणसाला तरुण मुलगे काहीही देतात.

मग हिवाळाभर दर रविवारी तो नाणं तपासायला जात राहिला.

"अजून झालं नाही?" लुएला विचारायची.

"चांदी आहे. घाई करून चालत नाही."

"भिंग उलटं धरलंयस."

मग तोच तिला भिंग धरायला शिकवायचा. खोटी खूण कशी ओळखायची, तेही त्यानंच शिकवलं. एवढी चूक प्रेमातच होते.

मार्चमध्ये ट्रेवेना गेले. दफन करून आल्यावर तिनं त्याच्या खिशातलं भिंग काढून घेतलं आणि बराच वेळ नाणं पाहिलं.

"एल्डन, ही रेघ कसली?"

"...ओरखडा आहे."

"पुन्हा विचारते. तुझ्याशी लग्न करायचं की नाही, ते या उत्तरावर आहे."

तिच्या बाबांचं नाव घेतलं असतं, तर सुटला असता. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

"ओरखडा."

"मरत्या माणसाला फसवलंस," ती हळूच म्हणाली. "आणि आता मला."

दुसऱ्या दिवशी तिनं नाणं दुकानाच्या काचेवर ठेवलं आणि सॅक्रामेंटोची बस पकडली.

एल्डनचे केस आता त्या डॉलरच्या रंगाचे झालेत. कधी एखादं शहाणं गिऱ्हाईक वाकून म्हणतं, "ही खूण चिकटवलेली आहे हो!"

"ओरखडा आहे," एल्डन म्हणतो.

वारा सुटला की तो दार उघडं ठेवतो. टोप्या येतात... त्यांच्यामागून धावत येणारी माणसं वेगळीच असतात.