पिवळीजर्द

राघू पाच महिन्यांचा. टिटवीच्या पोटावरल्या झोळीत तो निजला होता आणि वजनाचा काटा काही पुढे सरकायला तयार नव्हता.

"पाच किलो चारशे. गेल्या महिन्याइतकंच," टिटवी म्हणाली. टिटवी म्हणजे आरोग्य केंद्राची यंत्रबाई. काटकुळ्या पायांवर टुकूटुकू चालायची, म्हणून राघूच्या दहा वर्षांच्या बहिणीनं, गोदीनं ठेवलेलं नाव. "शेवंताबाई, गोळ्या?"

"घेते की. डब्या बघ, रिकाम्या." आई जमिनीकडेच बघत होती.

गोदी काट्याकडे बघत राहिली. गेल्या साली बाबा गेले. एचआयव्ही या विषाणूनं (शरीरात शिरून तिथल्या राखणदार पेशींनाच मारणारा, डोळ्यांना न दिसणारा शत्रू) त्यांना पोखरलं होतं. तो आईतही होता. राघूच्या रक्तात सापडला नव्हता, मग पोर वाळतंय का?

दुसरी भीती तर तिनं कुणालाच सांगितली नव्हती. टिटवीला अंगणात गाठून ती कुजबुजली, "टिटे, मलापण झालंय. माझी लघवी हळदीसारखी पिवळीजर्द होते."

"खुळे, विषाणूनं तशी होत नाही. तुझी तपासणी झालीय, तुझ्यात तो नाही." टिटवीचा दिवा लुकलुकला. "पण जीवनसत्त्वांनी (अन्नातली, चिमूटभरच लागणारी, पण ज्यांच्यावाचून शरीराची बांधणी अडते अशी द्रव्यं) होते. त्यातलं एक पिवळं असतं. शरीर हवं तेवढं ठेवतं, उरलेलं बाहेर टाकतं. तुझ्या भाकरीला वास येतो?"

"औषधाचा. मला वाटलं, पीठ जुनं."

गोदीला आईच्या डबीतल्या पिवळ्या गोळ्या आठवल्या. मग धावतच घरात गेली. "आई, तुझी पिवळी गोळी माझ्या भाकरीत घालतेस?"

आईनं परातीतला हात काढला नाही. "पांढरी मी एक दिवस चुकवली नाही. ती विषाणूला कोंडते, ठाऊक आहे मला. पिवळी ताकदीची. तुझी मनगटं बघ, गोदे, काडीसारखी. शेवटी तुझ्या बापाचीही अशीच झाली होती. आईचं काय, लेकरू जेवलं की तिचं पोट भरतं."

"तुमचं भरेल, राघूचं नाही," मागोमाग आत आलेली टिटवी हळूच म्हणाली. "विषाणूशी झुंजताना तुमचं शरीर जीवनसत्त्वं भराभर खर्चतं. पोटात होता तेव्हा राघूला ती तुमच्या रक्तातून मिळायची, आता दुधातून. विहीर आटली तर पाटात पाणी कुठून येणार? गोदीसाठी वेगळा खुराक मी आणते. तुमच्या गोळीत वाटेकरी नको."

आई पाळण्याशी बसली. दोरी ओढताना तिच्या ओठांवर ओवी आली:

*लेकीला घास दिला, माझी गं भूक भागली,*
*तान्ह्या माझ्या राघूची वाटी रिकामी राहिली.*

मग डोळे पुसून तिनं गोदीसमोर पिवळी गोळी गिळली.

दुसऱ्या दिवशी आई मोरीतून बाहेर आली, तशी दारातच उभ्या गोदीनं विचारलं, "झाली का पिवळी?"

"अगं बया! हे काय विचारणं झालं?" आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच आई हसली.

महिन्यानं काटा पाच किलो आठशेवर थरथरला.

"उंची मागे पडलीय," टिटवीनं खरं तेच सांगितलं. "सगळी भरून येईल, असं मी म्हणणार नाही. पण वाढ सुरू झाली."

गोदीनं राघूला चौकटीशी ताठ धरलं आणि डोक्यावर कोळशाची रेघ ओढली. रेघ तिच्या कमरेच्या थोडी खाली होती. रेघेच्या वर चौकट अजून पुष्कळ कोरी होती.