थंड खोलीतलं चॉकलेट

पारमिता आली तीच फणफणत. खुर्ची पुढं केली तरी बसेना.

"बुरशी आलेलं चॉकलेट विकते म्हणून त्या नागेंद्रनं व्हिडिओ टाकलाय, मॅडम! बेळगावचं हॉटेल उद्या माझा करार मोडणार. चार वर्षं राबून कमावलेलं नाव आहे हे!"

तिनं टेबलावर त्याच्याकडून परत आलेला डबा आदळला. शामूअण्णा दचकले. हवालदारकीतून निवृत्त होऊन ते गुप्तहेर पूर्णिमाच्या मदतीला आले होते, पण डोकं अजून पोलीस ठाण्याच्याच चालीनं चाले.

वड्यांवर पांढुरका थर होता. पूर्णिमानं एका वडीवर बोट घासलं. बोटाच्या उबेनं थर विरला आणि वडी तुपकट चकाकली.

"तंबाखूचा वास येतोय," ती म्हणाली. "सगळं पहिल्यापासून सांगा."

निपाणीबाहेर, कोगनोळीच्या वाटेवर नागेंद्रचं फार्महाउस. तिथं तो पाहुण्यांना वाइनबरोबर चॉकलेट चाखायला बोलवी. लाल वाइनचा घोट, मग कडसर वडी जिभेवर विरघळू द्यायची, मग पुन्हा घोट. चॉकलेट पारमिताचं. दोन कार्यक्रम झकास झाले होते. गेल्या रविवारी तिसरा नासला.

"या वेळी वेगळं काय होतं?"

"काहीच नाही. माझी गाडी बिघडली, म्हणून वडिलांच्या, आप्पांच्या, टेम्पोतून गेले. नागेंद्रच्या आईनं त्यांना ओळखलं. माझी आजी, कोंडाबाई, नागेंद्रच्या घरच्याच वखारीत तंबाखू निवडायची. आम्हांला कागदी कपात चहा दिला आणि डबे नागेंद्रनं स्वतः उतरवून घेतले. त्याच खेपेचा एक डबा माझ्या घरी आहे, त्यातल्या वड्या आरशासारख्या चकचकीत! आणि आजी गेल्यापासून आमच्या घरात तंबाखूची काडी नाही."

दुपारी तिघं निपाणीला पोचली. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं.

"डबे आल्याआल्या थंड खोलीत ठेवले, वाइनच्या शेजारी," नागेंद्र म्हणाला. "निपाणीची माणसं ही, घरात तंबाखू असणारच. वास येणार नाही तर काय?"

शामूअण्णांना ते पटलंसुद्धा.

वाइन वाढणारा साईराज म्हणाला, "चारला बाटल्या काढल्या. इतक्या गार की ग्लासांना घाम फुटला. चॉकलेट मला पाचला नागेंद्रनंच आणून दिलं. खोलीत? छे, तिथल्या रिकाम्या फळीवर तर माझे ग्लास होते."

स्वयंपाकीण जयाबाई पदराशी चाळा करत होती. "नैवेद्याच्या दह्याला, लोण्याला धा खेपा आत गेलते बाई. डबे न्हाय दिसले."

मागच्या अंगणात पत्र्याची वखार होती. दार उघडताच झळ आली आणि शामूअण्णा सटासट शिंकले. आत तंबाखूची पोती रचलेली होती.

"साईराजनं लपवलं असंल हितं," ते कुजबुजले.

"त्याला डबे पाचला मिळाले, अण्णा. चला, सगळ्यांना बोलवा."

दिवाणखान्यात सगळे जमले. नागेंद्रची आई राजाबाई वेताच्या खुर्चीत. पारमिताचे वडील भीमाप्पा टेम्पो घेऊन आले होते. ते दारातच उभे राहिले.

"ही बुरशी नाही," पूर्णिमानं सुरुवात केली. "बुरशी बोटाच्या उबेनं विरघळून चकाकत नाही. चॉकलेट उन्हाच्या तावात वितळून पुन्हा आळलं, की त्यातलं कोकोचं लोणी असं वर येतं. थंड खोलीत ते होणं नाही. जयाबाई दहा वेळा आत गेली, डबे दिसले नाहीत. रिकाम्या फळीवर साईराजचे ग्लास होते. ताव आणि तंबाखू एकत्र या घरात एकाच ठिकाणी आहेत. पत्र्याच्या वखारीत. डबे घेतले नागेंद्रनं, पाचला आणून दिले नागेंद्रनं, आणि खोटं बोलला तोही नागेंद्रच."

"पर का?" शामूअण्णांना राहवेना.

"आधी दोनदा हिचेच डबे थंड खोलीत गेले. तिसऱ्यांदा राजाबाईंनी भीमाप्पांना ओळखलं, आणि पारमिताची जात घरात कळली. चहा कागदी कपात आला तो त्याच्यानंतरच."

पूर्णिमाचा आवाज चढला. "नैवेद्याच्या दह्याशेजारी दारू चालली! कोंडाबाईच्या नातीच्या हातचं चॉकलेट चाललं नाही!"

शामूअण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपणच करायचं आणि वर पोरीच्या नावानं बोंब मारायची!

"मीच सांगितलं, वखारीत ठेव म्हणून," राजाबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्यात चालत न्हाय."

नागेंद्र घाईनं पुढं झाला. "आईचं वय झालंय. व्हिडिओ काढतो मी. थंड खोलीचं मशीन बंद पडलं होतं, असा दुसरा टाकतो. बास?"

"न्हाय!" पारमिता कडाडली. "मशीनला कशाला बदनाम करता? डबे कुठं ठेवले आणि का ठेवले, दोन्ही सांगा. हॉटेलला आत्ता पाठवा."

"असं बोललो तर लोक काय म्हणतील?"

"मला आठवडाभर म्हणाले, तेवढं तरी ऐका."

शामूअण्णांनी मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. "बोल रं."

राजाबाई उठून आत गेल्या. भीमाप्पा दारातून आत आले आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

नागेंद्र बोलू लागला. वखारीपर्यंत आला की 'का'वर अडखळे, आणि पारमिता त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावी. तीनदा असं झालं. चौथ्यांदा त्यानं सगळं पुरं सांगितलं, कोंडाबाईच्या नावासकट.