कालतूरची खिंड

माझा भाऊ अन्सेल्मो मीठ लादलेली लामा जनावरं घेऊन डोंगरापलीकडच्या गावाला निघाला, तेव्हा वाट मीच सांगितली होती. आन्तोफागास्ताला विद्यापीठात मी जुने नकाशे अभ्यासले होते. सरहद्द आखणाऱ्यांचा नकाशा असो की सोरा खणणाऱ्या कंपनीचा, प्रत्येकावर कालतूरची खिंड ठळक होती. नेहमीच्या वाटेपेक्षा निम्मं अंतर.

अन्सेल्मो पोचलाच नाही, असा निरोप पलीकडून आला. मी निकासियोकाकांना गाडी काढायला लावली. वाटेत ते म्हणाले, तिथे खिंड नाहीच. त्यांचे आजोबा तोरिबियो यांनी नकाशेवाल्यांना मुद्दाम खोटी जागा दाखवली होती, गावचे झरे त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून. पुढच्यांनी पहिल्या नकाशावरूनच उतरवून घेतलं.

"मग त्या वाटेनं गेलेल्यांनी परत येऊन शिव्या नाही घातल्या?"

"परत कोण आलं?"

मला पटलं नाही. ही म्हातारी माणसं काही लपवायचं असलं की अशीच सरळ उत्तरं देतात.

भर दुपारी पोचलो. समोर तांबडा कडा, त्याला साधी फटही नाही. पायथ्याशी आपाचेता होती. खिंड ओलांडणारा जिच्यावर दगड आणि कोकाची पानं ठेवतो ती रास. माझ्या डोक्याहून उंच. वरची पानं अजून ओली होती.

खिंड नाही तर ही रास कुणी रचली, असं मी विचारलं. काका वाकून जमिनीवरच्या खुणा बघू लागले.

लामांची पावलं थेट कड्याला जाऊन भिडली होती. शेजारी नाल ठोकलेल्या खेचरांच्या खुणा होत्या. आमच्याकडे खेचरं आता कुणीच पाळत नाही.

मग दगडाच्या आतून घंटा ऐकू आल्या. जुन्या चामड्याचा, घामाचा वास आला. मी हाक मारणार तोच काकांनी माझं तोंड दाबलं.

"नाव घेऊ नकोस..."

आतून आवाज आला. अन्सेल्मोचाच, पण फार दमलेला.

"तोरिबियो... वाट इकडूनच ना? की झऱ्याकडून?"

मी काकांच्या हाताला कडकडून चावले. त्यांनी तो काढला नाही. दुसरा हात कड्याकडे केला.

"इकडूनच. सरळ पुढे."

"बरं," माझा भाऊ म्हणाला. त्याच्यामागून बऱ्याच पुरुषांचं "बरं" आलं. घंटा लांब गेल्या.

गाडीत बसल्यावर मला आवाज फुटला. "तो अन्सेल्मो होता. तुम्ही त्याला आत पाठवलंत."

"नाहीतर सगळेच झऱ्यावर आले असते."

त्यांचा आवाज जराही कापत नव्हता.

"याआधी कुणाकुणाला पाठवलंत, काका?"

त्यांनी झऱ्याच्या पाण्याची बाटली उघडून माझ्यापुढे धरली.

"पाणी पी, पोरी."