खाजणावरची हाक

खारबावच्या खाडीकाठच्या खाजणात माती टाकून गोल्फचं मैदान झालं, तेव्हा आमच्या गावात गोल्फ हा शब्दसुद्धा कुणाला धड म्हणता येत नव्हता. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. आधी तिथं भाताची खाचरं होती, त्यातली काही आमची. मैदानाच्या मालकानं जमीन घेतली आणि वर मला नोकरी दिली. गवत कापणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवायचं, पाण्याच्या नळ्या तपासायच्या. त्याआधी मी भिवंडीत यूनुसशेठच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचो. यंत्र का बंद पडलं ते शोधायची मला खोड. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जायचो.

मैदान देखणं होतं, हे मात्र कबूल. सातव्या होलला एका अंगाला मऊ हिरवळ, दुसऱ्या अंगाला बांध, बांधाखाली तिवरं, मग खाडी आणि खाडीपल्याड घोडबंदरचे डोंगर. भरतीला पाणी बांधाला टेकायचं. ओहोटीला नुसता काळा चिखल आणि त्याचा खारट, कुजका वास. मुंबईचे साहेब तिथं उभे राहून छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, काय हवा आहे. 

त्याच चिखलात आमची लेक चंद्रा गेली होती. मैदान व्हायच्या चार वर्षं आधी, बायकांबरोबर निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, धरायला उतरली होती. सहा वर्षांची. भरती लागली, बायका वर आल्या, ती आली नाही. हाती काहीच लागलं नाही. घरात तिला चंद्रा कुणी म्हणत नसे. पोर जेवली का, पोर झोपली का, असंच. नुसतं 'पोर' म्हणून हाक मारली तरी असेल तिथून 'हाय' म्हणायची, म्हणजे इथंच आहे.

यूनुसशेठ दर रविवारी खेळायला यायचे. जन्म लूमच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चेंडू वाकडा गेला की पुढच्यांना सावध करायला गोल्फमध्ये 'फोर' असं ओरडतात. शेठ ओरडले की तिवरांतले बगळे उडायचे.

एका रविवारी माझी बायको कमळ मला डबा द्यायला आली. शेठचा चेंडू बांधाकडे वळला आणि ते ओरडले. कमळचा डबा धरलेला हात तसाच राहिला.

"पोरीला कोन हाक मारतं?"

मी समजावलं. इंग्रजी शब्द आहे, फोर, बाजूला व्हा असा अर्थ. ती मान हलवत होती, पण डोळे बांधाकडे लागलेले.

"तुमी सांगता ते खरं असंल," ती म्हणाली. "पन ती 'हाय' बोलली ना."

मला राग आला. चार वर्षं खपून हिला जरा कुठं माणसांत आणली होती. ते न जेवणं, ते बांधावर जाऊन बसणं, सगळं थांबलं होतं. पोर गेली, बायको तरी राहू दे, एवढंच माझं मागणं होतं. तिला मी मैदानावर यायची बंदी केली.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम शेठबरोबर सातव्या होलला थांबलो. ओहोटी होती, वारा पडलेला. शेठनी मारलं, चेंडू वळला.

"फोर!"

"हाय."

लहान आवाज. तिवरांच्या मुळांतून, चिखलाला लागून आल्यासारखा. घाबरलेला नव्हता. खेळता खेळता, मान वर न करता पोरं बोलतात ना, तसा.

"कोण आहे रे तिथं?" शेठनी विचारलं.

मी बांधावर चढलो. चिखल सपाट होता. माणसाचं पाऊल सोडा, खेकड्याचीसुद्धा रेघ नव्हती.

"कुणी नाही."

"लूमवाल्यांचे कान आपले," शेठ म्हणाले. "काहीपण ऐकू येतं." हसले, पण पुढचा चेंडू त्यांनी मारला नाही.

चंद्राचं त्यांना माहीत होतं. तेव्हा शोधायला होडी त्यांनीच पाठवली होती. मी म्हणालो, "शेठ, एक उपकार करा. इथं तो शब्द नका ओरडू. माझी बायको हातची जाईल."

"नाही ओरडणार. 'बचके' म्हणेन."

शेठ शब्दाला जागले. नंतरचे रविवार 'बचके'वर गेले आणि खाजण गप्प राहिलं. माझा जीव भांड्यात पडला. आमचं घर गावाच्या टोकाला, शेठचा आवाज तिथवर यायचा. कमळ दारात उभी राहून ऐकायची आणि मग दिवसभर कुढायची.

"हाक मारायची बंद का केली?" विचारायची. "वाट बघत असंल ती."

मग एकदा शेठबरोबर मुंबईचा पाहुणा आला. आमच्यातलं त्याला काय ठाऊक? त्याचा चेंडू गवत कापणाऱ्या बायकांकडे गेला आणि तो ओरडला. खालून उत्तर आलं. बायकांतली एक विळा टाकून बांधाकडे धावली. सकाळपासून तोंडावर पदर ओढून ती त्यांच्यात बसली होती आणि मी तिला ओळखलं नव्हतं.

"कमळ!"

ती बांध उतरली. चिखल गुडघ्याला लागला, मग कमरेला, मग छातीला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मी आणि शेठनी फळी टाकून तिला ओढून काढलं. श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, नशीब समजा.

ती बोलेना एवढंच. खायची, झोपायची, माझ्याकडे बघून हसायचीसुद्धा. कितीतरी वर्षांत अशी हसली नव्हती. मला वाटलं, सुटलो.

पुढं एका रविवारी शेठच्या तोंडून जुन्या सवयीनं तो शब्द निघून गेला.

"हाय."

आवाज थकलेला होता, जरा बसलेला. बाईमाणसाचा. त्या आवाजाबरोबर मी संसार केला होता.

शेठनी काठी पिशवीत घातली आणि माझ्याकडे न बघता चालू लागले.

मी घराकडे धावलो. कमळ उंबऱ्यावर बसली होती, धडधाकट, पाय हलवत. मी तिचा हात धरला. गरम होता.

"बाबा," ती म्हणाली, "आय कुठं हाय?"

 मी आत जाऊन ताट वाढून आणलं.

"येईल," म्हणालो, आणि मासळीचे काटे काढून तिला भात भरवला.