तांबगडच्या किल्लेदाराचा ताप

तांबगडचा किल्लेदार शत्रूपुढे कधी थरथरला नाही, असे त्या मुलखात छाती पुढे काढून सांगत. त्या पहाटे तो थरथरत होता. डोंगररांगेवर तांबडे फुटत होते, नौबत झडत होती, खाली मोगली वेढ्याच्या चुलींचा धूर वर चढत होता, आणि उगवतीच्या बुरुजावर शिबंदीचा मुजरा घेण्यासाठी आणलेले रायाजीराव दरेकर, ऐन वैशाखात चार घोंगड्या पांघरून, मागून दोन हशमांनी धरलेले, दातांवर दात वाजवीत उभे होते.

“शत्रूला वाटेल, सरकार संतापले आहेत,” सबनीस विसाजीपंत म्हणाले.

किल्लेदाराच्या दुखण्याची बातमी खाली गेली तर सूर्य मावळायच्या आत चहूंकडून सुलतानढवा होईल, या धास्तीने पंतांनी ‘ताप’ हा शब्दच गडावर बंद केला होता. गडाचा वैद्य व्याह्यांकडे जेवायला उतरला, त्याच दिवशी वेढा पडला होता.

मुजऱ्यानंतर रायाजीरावांना पुन्हा खिडक्या लावलेल्या खोलीत निजवले, तेव्हा त्यांच्या पत्नी लाडूबाई पंतांपुढे आल्या.

“पंत, ताप येतो, उतरतो, म्हणून इतके दिवस गप्प राहिले. आज त्यांनी मला आत्याबाई म्हणून हाक मारली. पाणी घशाखाली जात नाही. कालपासून लघवी नाही. हा आता नुसता ताप नव्हे.”

“विषप्रयोग असावा, बाईसाहेब. आचाऱ्याला कोठडीत टाकतो.”

“परवाच टाकलात. तेव्हापासून गड कच्चे पोहे खातो आहे. खालच्या छावणीत हकीम आहे, पंत.”

“खाली शत्रू आहे!”

“हकीमही तिथंच आहे.”

नवऱ्याचे पांढरे उपरणे काठीला बांधून, दिंडी दरवाजा स्वतः उघडून, बाई उतरू लागल्या. पेटत्या तोड्यांच्या बंदुका त्यांच्यावर रोखल्या गेल्या, तरी राज्याचे गुपित त्यांनी पहिल्याच पहारेकऱ्याला सांगून टाकले, “माझा नवरा तापानं मरतोय. हकीम द्या.”

हकीम कमरुद्दीन जवळच होते. वेढ्याचा सरदार असलेल्या खानाची परवानगी आणायला गेलेला शिपाई परतेतो ते बटवा घेऊन निम्मा कडा चढले होते.

त्यांनी घोंगड्या फेकल्या, खिडक्या उघडल्या, कोमट पाण्याने अंग पुसवले, कडू सालीचा काढा थेंबाथेंबाने पाजला. “माणूस बरळू लागला, पाणी घेईना, लघवी थांबली, की त्याच घटकेला धावायचं,” ते पंतांवर खेकसले. “थांबलात कशाला?”

“भीती वाटली, हकीमसाहेब.”

“मग भिऊन लवकर यायचं!”

सारी रात्र तटावर शिबंदी हल्ल्याची वाट पाहत जागी राहिली. हल्ला आला नाही. उजाडता रायाजीरावांना घाम फुटला, त्यांनी लाडूबाईंना नावाने हाक मारली आणि पाणी मागितले.

निघताना बाईंनी हकिमांना विचारले, “सरकार आजारी असल्याचं कळूनही खानसाहेब चालून आले नाहीत?”

“आम्हांला कधीच कळलं होतं. वैशाखात घोंगड्या घेऊन कोण उभं राहतं? खानसाहेब म्हणाले, मरतोच आहे, तर तोफांची दारू कशाला जाळा?”

रायाजीराव ठणठणीत बरे झाले. पुढल्या महिन्यात गडावरची पाण्याची टाकी आटली, आणि स्वतःच्या पायांनी खाली उतरून त्यांनी गडाच्या किल्ल्या खानाच्या हाती दिल्या.