मठ्ठा प्यायलेले नऊ जण

सुंदराबाईंनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. बबनमामांचा वडापाव तोंडापाशी थांबला आणि तसाच कागदात परत गेला.

"काय आहे हे?" त्यांनी नाक दाबून विचारलं.

"मठ्ठा. रविवारचा."

"आज बुधवार आहे, बाई!"

"म्हणून तर आणला. घरात ठेवता येईना."

नेत्रा पाटणकरचं डिटेक्टिव्ह ऑफिस उल्हासनगरात, फर्निचरच्या दुकानावर. लग्न ठरण्याआधी मुलाची चौकशी करणं हा तिचा मुख्य धंदा, त्यामुळे घाणीची तिला सवय होती. तिने डब्यात वाकून पाहिलं. बबनमामा तिच्या आईचे भाऊ, फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून तिचे सहायक. ते खिडकीतून बाहेर डोकं काढून साहाय्य करू लागले.

"सांगा," नेत्रा म्हणाली.

सुंदराबाई पालेगावच्या एका नव्या सोसायटीत सात घरी स्वयंपाक करत. रविवारी तिथे 'चकाचक स्वयंपाकघर' स्पर्धा झाली. कुणाचा ओटा स्वच्छ, कुणाची भांडी लखलखीत, असे निकाल लागले. नंतर जेवण. जेवणावर हवा त्याला मठ्ठा.

"दोनला प्यायले आणि सव्वादोनला पळापळ. नऊच्या नऊ जण ओकले. जिन्यात, कुंडीत. एक जण लिफ्टमध्ये, आणि लिफ्ट अडकली."

"आत कोणी होतं?"

"चौघं."

बबनमामांनी डोकं आणखी बाहेर काढलं.

"ताप, जुलाब?"

"काही नाही. संध्याकाळी सगळे ठणठणीत. माझ्या नावाने ओरडण्याएवढे." सुंदराबाईंनी हात पदराखाली घेतले. "म्हणतात, माझ्या नखांत घाण होती. ग्रुपवर माझा फोटो फिरतोय. उद्या सहाला मीटिंग आहे, माझा गेटपास रद्द करणार. एकदा असं नाव पडलं की मग शिरगावपर्यंत मला कोण चुलीपाशी उभं करेल, ताई?"

"मठ्ठा कशात केला होता?"

"साडेनऊला, माझ्या स्टीलच्या टोपात. आलं-मिरचीला मिक्सर अनुयाताईंचा, घुसळायला रवी संध्याताईंची. दहाला वृंदाताईंनी तो त्यांच्या पितळी पातेल्यात ओतला. टेबलावर छान दिसतं म्हणे. त्या पातेल्याला मला हात लावू देत नाहीत, स्वतःच घासतात."

"आणि हा डबा?"

"शेवटी पातेल्याच्या तळाशी उरलेला भरून घेतला. मला तेव्हाच कळलं, बोट माझ्याकडेच येणार."

"हिरवट दिसतंय," मामा लांबूनच म्हणाले. "कोथिंबीर सडली असणार."

"कोथिंबीर घातलीच नव्हती, दादा. सेक्रेटरीसाहेबांना वास चालत नाही."

नेत्राने डबा पुन्हा नाकाशी नेला. आंबट वासाखाली आणखी एक वास होता. घामट मुठीत नाणी धरून ठेवल्यावर हाताला येतो तसा.

गुरुवारी सकाळी दोघं पालेगावात पोचली.

अनुयाने दार उघडलं ते तक्रार करतच. "मी दोन दिवस नुसत्या पेजेवर होते हो! त्या बाईला आमच्या किचनमध्ये परत घेणारच नाही."

"तुमच्या मिक्सरचं भांडं बघू?"

भांडं बाहेरून बरं होतं. नेत्राने ते उलटं केलं आणि पात्याखालची चकती फिरवून काढली. खाली काळपट चिकट लगदा होता. झाकणाच्या रबराच्या खाचेत खोबरं होतं, त्यावर मऊ करडी लव उगवलेली. मामांनी ती आपुलकीने पाहिली आणि मग त्यांना ते काय आहे हे समजलं.

"हे कधी काढून धुता?"

"हे निघतं?" अनुया म्हणाली.

तेवढ्यात तिची कॉलेजातली मुलगी इरा डोकावली. "आई, मी तर दोन ग्लास प्यायले होते. मला कुछ नहीं हुआ."

"तू केव्हा प्यायलीस?" नेत्राने विचारलं.

"मॉर्निंगला. सुंदरामावशींनी टोपातूनच दिला. मला क्लास होता ना."

जिन्यात मामा कुजबुजले, "तरुण पोट. दगड पचेल. सापडला तुझा गुन्हेगार, मिक्सर!"

"मामा, त्या मुलीनेही याच मिक्सरचं आलं प्यायलंय."

संध्या वरच्या मजल्यावर. तिने रवी आणली. लाकडी रवीच्या खाचांत जुनं दही वाळून पिवळं पडलं होतं आणि त्यात एक लांब केस गुंडाळलेला होता.

"धुते मी," संध्या घाईने म्हणाली. "नळाखाली धरते."

"वाळवता?"

"ड्रॉवरमध्ये वाळते की."

"त्या दिवशी तुम्हाला चव कशी लागली?"

"शीऽ! खिळा चोखल्यासारखी. पण वृंदावहिनी समोर उभ्या होत्या, म्हणून संपवला."

मामांनी रवी दोन बोटांत धरून परत दिली आणि बोटं पँटला पुसली. मग पँटकडे खिन्नपणे बघत राहिले.

सेक्रेटरी शरदचंद्र यांच्या घरात पाय ठेवल्यावर मामांनी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. ओट्यात तोंड दिसत होतं. भिंतीवर स्पर्धेचं पहिलं बक्षीस, नॉनस्टिक तवा, फ्रेमसारखा टांगला होता.

त्यांच्या बायकोने, वृंदाने, पातेलं आणलं. ते बाहेरून सोन्यासारखं पिवळं होतं आणि आतूनही तसंच पिवळं.

"परीक्षक थक्क झाले," ती म्हणाली. "चिंच, मीठ आणि तारेची घासणी. आठवडाभर घासत होते. आत सगळं करडं-पांढुरकं झालं होतं, बघवत नव्हतं."

"कल्हई?"

वृंदाने पातेलं स्वतःकडे फिरवलं. "आहे की. दिवाळीतच करून घेतली."

"मठ्ठा कसा होता?"

"मी नाही घेतला. सर्दी होती."

"त्या दिवशी आइस्क्रीम दोनदा घेतलंस की," शरदचंद्र पेपराआडून म्हणाले. पेपर लगेच वर गेला.

नेत्राने मीटिंगमध्ये सर्वांना दाखवण्यासाठी पातेलं मागितलं. नवऱ्यासमोर नाही म्हणता येईना, म्हणून वृंदाने ते दिलं.

"चला," मामा खाली येऊन म्हणाले, "एक वस्तू तरी यादीतून गेली. एवढं स्वच्छ भांडं मी आयुष्यात पाहिलं नाही."

"मीही नाही," नेत्रा म्हणाली. "ताजं दही घेऊन या, मामा. रवी आणि टोप सुंदराबाईंच्या घरून. मग तुम्हाला चार तास एका जागी बसायचंय."

सहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले. सुंदराबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना खुर्ची कोणी दिली नव्हती. टेबलावर झाकलेलं पितळी पातेलं, शेजारी झाकलेला स्टीलचा टोप.

"नखं दाखवायला सांगा तिला!" कोणीतरी ओरडलं.

"नखांपासूनच सुरू करू," नेत्रा म्हणाली. "हात घाण असते, तर सकाळी टोपातून प्यायलेली इराही आजारी पडली असती. तिला काही झालं नाही. हात तेच, दही तेच. मिक्सर आणि रवी दोन्ही किळसवाणी आहेत..."

अनुया आणि संध्या यांनी एकमेकींकडे तुच्छतेने पाहिलं.

"...पण त्यांचाही दोष नाही, कारण दोन्ही इराच्याही ग्लासात पोचली होती. दहा ते दोन या वेळात एकच गोष्ट बदलली. भांडं."

"माझं भांडं सगळ्यांत स्वच्छ होतं!" वृंदा उसळली.

"तेच तर. पितळेत आंबट ठेवलं तर ते धातू खातं आणि विषारी होतं. म्हणून आतून कथलाचा पातळ थर देतात. तीच कल्हई, आणि ती करड्या-पांढुरक्या रंगाची असते. तुम्ही मळ समजून आठवडाभर खरवडलीत ती. खिळ्यासारखी चव, कोथिंबीर नसताना हिरवट रंग, पंधरा मिनिटांत उलट्या आणि ताप नाही. शिळ्या अन्नाने बहुधा इतक्या लवकर होत नाही."

"मला काय माहीत हे सगळं? चूक झाली!"

"घासताना चूकच होती. पण नंतर? ज्याला कल्हई कशाला लागते ते माहीत नाही, तो ती दिवाळीत केल्याचं खोटं कशाला सांगेल? ती असती तर आतून पातेलं पिवळं दिसलं नसतं. मठ्ठ्यावर हिरवी झाक आली तेव्हा, दोनच्या आतच, तुम्हाला कळलं होतं. त्याच पातेल्यासाठी बक्षीस मिळालं होतं, म्हणून मठ्ठा फेकायला धजला नाहीत. नऊ जणांना उभं राहून पाजलात, स्वतः सर्दीचं निमित्त काढलंत, आणि आइस्क्रीम दोनदा खाल्लंत."

मामांनी दोन्ही झाकणं उचलली. टोपातला मठ्ठा पांढरा होता. पातेल्यातल्याच्या कडेला निळसर-हिरवी रेघ आली होती. नेत्राने त्यातला एक ग्लास भरला.

"नखांवरच संशय असेल, तर हा मामांनी केलाय. घ्या, वृंदाताई."

वृंदाने ग्लासाकडे पाहिलं, तोंडावर पदर धरला आणि खाली बसली.

"जीव वाचले हे नशीब," अनुया दातओठ खात म्हणाली.

शरदचंद्र घसा साफ करत उठले. "बाईंचा गेटपास कायम. फोटो ग्रुपवरून काढू आणि त्याच ग्रुपवर सोसायटी माफी मागेल. सुंदराबाई, उद्यापासून या. सातही घरी."

"सहा घरी येईन," सुंदराबाई म्हणाल्या.

"आणि आमच्याकडे?"

"वृंदाताई करतील की. हात स्वच्छ आहेत त्यांचे."

शरदचंद्रांनी बायकोकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू असा पांढरा पडला, की मामांनी धावत जाऊन बादली आणली.